बाई, शिवीऐवजी काय म्हणू?

गेल्या अंकात बार्शीच्या एका आजोबांचं पत्र छापलं होतं. त्यांच्या लहानपणी घरात कितीही राग आला तरी 'हात्तिच्या'च्या पुढे कुणाची जीभ जात नसे, आणि आता नातवंडांचं बोलणं ऐकवत नाही, अशी त्यांची तक्रार होती. त्यावर इतकी पत्रं आली की या वेळी दुसरा विषय घेतलाच नाही. सोलापूरच्या पूर्व भागातल्या शाळेत मी आयुष्यभर मराठी शिकवलं. मागावर काम करणाऱ्या बापांची आणि बिड्या वळणाऱ्या आयांची मुलं माझ्या वर्गात असत. त्यांच्या तोंडचं सगळं मी ऐकलेलं आहे, त्यामुळे तुम्ही पत्रात शब्द गाळून फुल्या टाकल्या तरी मला कळतं. मोकळेपणानं लिहीत जा.

प्रश्न : बाई, अक्कलकोट रोडला एमआयडीसीत माझे टॉवेलचे माग आहेत. मागाच्या आवाजात ओरडल्याशिवाय ऐकू जात नाही, आणि ओरडायचं म्हटलं की शिवी आपोआप पुढे येते. मनात कुणाबद्दल काही नसतं. परवा घरी पाहुणे बसले होते. माझ्या चार वर्षांच्या मुलीचा ठोकळ्यांचा मनोरा पडला आणि तिनं माझ्याच सुरात माझीच शिवी हासडली. बायको काही बोलली नाही, उठून आत गेली. तेव्हापासून मी 'अरेरे' म्हणायचा प्रयत्न करतोय. कामावरची पोरं हसतात, आणि खरं सांगायचं तर त्यानं रागही उतरत नाही. हे जुने शब्द खरंच चालतात का? (एक वडील, जुळे सोलापूर)

उत्तर : भाऊ, चालतात. फक्त तुम्ही शब्द भलताच उचललात. 'अरेरे' हा हळहळीचा शब्द. कुणाचं नुकसान झालं, कुणी आजारी पडलं, की आपण 'अरेरे' म्हणतो. ऑर्डर उद्या द्यायची आहे, बीम चढवून तयार आहे आणि ऐन वेळी लाइट गेली, तिथं 'अरेरे' म्हटल्यावर पोरं हसणारच. तिथं चिडीचा शब्द लागतो आणि मराठीत त्यांना काही तोटा नाही. हात्तिच्या! छट्! धत्! कप्पाळ माझं! बोंबला आता! झालं कल्याण! डोंबलाची लाइट! जळ्ळं मेलं ते! गेलं खड्ड्यात!

हे एकदा दार लावून मोठ्यानं म्हणून बघा. 'हात्तिच्या' म्हणताना जीभ दातांमागे आपटते, क्षणभर अडते आणि 'च्या'ला छातीतली सगळी हवा बाहेर पडते. 'छट्' म्हणजे तर नुसता आघात. अरेच्चा, कप्पाळ, जळ्ळं, सगळीकडे जोडाक्षर किंवा तुटलेलं अक्षर आहे. शिवी देताना तोंडाला जे समाधान मिळतं त्यातला मोठा वाटा या आपटण्याचा असतो. 'अरेरे'त आपटायला काहीच नाही.

माझे वडील इथल्याच एका गिरणीत साचे, म्हणजे माग, चालवायचे. लाकडी धोटा, दोन्ही टोकांना लोखंडी टोप, साच्यातून असा वेगानं इकडून तिकडे फिरायचा. तो चुकून बाहेर उडाला तर समोरच्याचा डोळा जायचा. तसा धोटा उडाला की वडील 'आरं माझ्या कर्मा!' असे ओरडत की चार साच्यांपलीकडचा माणूस खाली वाकायचा. सूत तुटलं तर 'हात्तिच्या'. चपलेचा अंगठा तुटला तरी 'हात्तिच्या'. त्यांच्या खात्यात शिव्या देणारे कमी नव्हते. पण वडिलांच्या 'हात्तिच्या'ला कुणी हसल्याचं कधी ऐकलं नाही, कारण ते तो शब्द जीव ओतून म्हणायचे. तुम्ही 'अरेरे' चाचरत म्हणत असणार. चाचरत दिलेल्या शिवीलाही लोक हसतात.

राग उतरत नाही, हे तुमचं म्हणणं मात्र मी गंभीरपणे घेते. इंग्लंडमधल्या कील विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ रिचर्ड स्टीफन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2009 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना बर्फगार पाण्यात हात बुडवून ठेवायला सांगितला, एकदा शिवी घोकत आणि एकदा साधा शब्द घोकत. शिवी घोकताना हात जास्त वेळ पाण्यात राहिला. म्हणजे शिवीनं कळ सोसते, हे खरं आहे. पण 2011 मध्ये त्यांनीच दाखवलं की उठता-बसता शिव्या देणाऱ्यांना हा फायदा कमी मिळतो. दर वाक्याला वापरून तुमची शिवी बोथट झालेली आहे. बोटावर खरंच हातोडी बसेल तेव्हा ती फारशी कामाला येणार नाही. पुढे 2020 मध्ये त्यांनी 'फाउच' आणि 'ट्विझपाइप' असे दोन नवे कोरे शब्द बनवून लोकांना घोकायला दिले. कानाला ते शिवीसारखे किंवा गमतीदार लागत होते, पण त्यांनी दुखणं सोसण्यात काही फरक पडला नाही.

यातून मी माझ्यापुरतं असं घेते : ओढूनताणून बनवलेला शब्द कामाचा नाही. लहानपणी कुणीतरी खऱ्या रागात, खऱ्या कळवळ्यात उच्चारलेला आणि आपल्या कानात राहिलेला शब्दच लागतो. म्हणून माझ्या यादीतून शब्द घेऊ नका. तुमच्या आजीला विंचू चावला, दूध उतू गेलं, तेव्हा ती काय म्हणायची ते आठवा. आठवत नसेल तर आत्याला, मावशीला फोन करून विचारा. तो शब्द घ्या. एकच घ्या आणि सगळीकडे तोच वापरा.

सुरुवातीला जीभ जुन्याच वाटेनं जाणार. शिवीचं पहिलं अक्षर तोंडातून निघालं की ती थांबवता येत नाही, पण वळवता येते. हे मी सातवीच्या मुलांना शिकवायची. 'आय...' निघालं तर 'आई गं!' करायचं. 'मा...' निघालं तर 'माझ्या कर्मा!' 'भ...' निघाला तर 'भले शाब्बास!' आणि 'तुझ्या...' निघालं तर 'तुझ्या नानाची टांग!' एकदा कबड्डीत एक दांडगा मुलगा गुडघ्यावर आपटला आणि 'आयच्च्या... ई गं ऽऽ' असं ओरडला. सगळं मैदान हसलं, तोही हसला, आणि नंतर वर्गात तोच शब्द रूढ झाला. मुलांना मी शिव्यांसाठी छडी कधी मारली नाही. छडीनं मुलं फक्त बाईंच्या समोर गप्प बसतात.

आता थोडं परखड. 'च्यायला', 'आयला', 'शिंच्या' हे शब्द पुष्कळांना सौम्य वाटतात. हल्लीची मुलं 'भेंडी' म्हणतात. हे सगळे शिवीचेच कापलेले तुकडे आहेत. 'च्यायला'त 'तुझ्या आईला' आहे, 'शिंच्या'त 'शिंदळीच्या' आहे. मोठ्या माणसानं मित्रांत 'च्यायला' म्हटलं म्हणून मी कानांवर हात ठेवणार नाही. पण तुम्ही मुलीसाठी शब्द शोधताय. कापलेला शब्द मुलं एक दिवस पूर्ण करतात. आणि एक गोष्ट मात्र कामावर आजपासून बंद करा : जातीचं नाव शिवी म्हणून वापरणं, कुणाच्या तिरळ्या डोळ्यावरून, लंगड्या पायावरून हाक मारणं. अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाचा चारचौघांत जातीवरून अपमान करणं हा 1989 च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यानं गुन्हा आहे. कायदा नसता तरी मी हेच सांगितलं असतं. अशी 'गंमत' ऐकून घेणारा माणूस रात्री काय घेऊन घरी जातो, ते मी माझ्या विद्यार्थ्यांच्या घरांत पाहिलं आहे.

मुलीचं म्हणाल तर तिला रागावू नका, पाहुण्यांसमोर 'सॉरी म्हण' करू नका, आणि कुणी हसलं असेल तर पुन्हा हसू देऊ नका. चार वर्षांच्या मुलीला त्या शब्दाचा अर्थ ठाऊक नाही. मनोरा पडला की बाबा काय म्हणतात, एवढंच तिला ठाऊक आहे. तेव्हा तिच्यासोबत जमिनीवर बसा, मनोरा रचा, पाडा आणि पडला की दोघं मिळून तुमचा तो नवा शब्द, समजा 'हात्तिच्या ऽऽ, पडला की!', असं ओरडा. तिला हा शब्द जुन्या शब्दापेक्षा जास्त आवडेल, कारण यात बाबा सोबत आहेत.

कामावरच्या पोरांना काही शिकवायला जाऊ नका. आपल्याकडे एकाच शेडमध्ये तेलुगू, कन्नड, मराठी आणि दखनी बोलणारे लोक असतात, आणि 'अय्यो!' सगळ्यांच्या घरचा आहे. कुणी 'अय्यो देवुडा' म्हणतो, कुणी 'अय्यो शिवने', कुणी 'तोबा तोबा'. तुमच्या शेडमध्ये हे शब्द आजही असतील, शिव्यांच्या गलक्यात ते तुमच्या कानांवर येत नसतील इतकंच. मालकाचं बोलणं बदललं की शेडचंही हळूहळू बदलतं.

प्रश्न : मी एका कार्यालयात नोकरी करते. पुरुष सहकारी आपसांत वाट्टेल ते बोलतात आणि माझ्याकडे लक्ष गेलं की 'सॉरी हं मॅडम, तुम्ही आहात ते विसरलो' म्हणतात. मी चिडून 'डोंबल' म्हटलं तर 'काय आजीबाईंसारखं बोलता' म्हणून चेष्टा. सौम्य बोलायचा मक्ता बायकांनीच का घ्यायचा? (एक वाचक, विजापूर रोड)

उत्तर : ताई, कुणीही कुणाला दिलेल्या मक्त्यावर मी सही करणार नाही. तुमच्या सहकाऱ्यांच्या शिव्या नीट ऐका. भांडण दोन पुरुषांचं, फाइल हरवली तिसऱ्याच पुरुषाकडून, आणि शिवीत मात्र कुणाची तरी आई नाहीतर बहीण. ती बाई त्या कार्यालयात कधी आलेलीही नसते. म्हणून ते 'सॉरी मॅडम' मला पटत नाही. तुम्ही खोलीत नसतानाही ती शिवी तितकीच वाईट असते. पुढच्या वेळी शांतपणे एवढंच म्हणा : 'मी नसतानाही देऊ नका. कुणाच्या तरी आईबद्दल बोलताय.' आवाज चढवू नका, नजर मात्र हटवू नका. एकदा म्हणून पुरणार नाही, पुन्हा पुन्हा म्हणावं लागेल.

बायकांचं बोलणं सौम्य असतं असं ज्यांना वाटतं त्यांनी आपल्या आज्या ऐकलेल्या नाहीत. 'मुडदा बशिवला तुझा', 'तळपट झालं तुझं', 'वाट्टोळं होईल मेल्याचं' ही सगळी बायकांच्या तोंडची भाषा. सातारा जिल्ह्यात खंडाळा तालुक्यातल्या सुखेड आणि बोरी या गावांत नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी बोरीचा बार असतो. दोन्ही गावांच्या बायका ओढ्याच्या दोन काठांवर उभ्या राहतात आणि हातवारे करत एकमेकींना शिव्यांची लाखोली वाहतात. शिमग्याला गावोगाव बोंबा मारायची मुभा होतीच. वर्षातून एकदा, ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या जागी मनातलं ओकून टाकायची सोय जुन्या लोकांनी ठेवली होती. ती मला शहाणपणाची वाटते. उरलेल्या दिवसांचं बोलणं त्यामुळेच सांभाळलं जात असावं.

तेव्हा हक्क म्हणून विचाराल तर तुम्हालाही शिवी द्यायचा तेवढाच हक्क आहे. पण बरोबरी म्हणून आई-बहिणीच्या शिव्या बायकांनीही उचलाव्यात, हे मला पटत नाही. त्यातही मार बाईलाच बसतो. 'डोंबल' सोडू नका. आजीबाई म्हणाले तर म्हणू द्या. आजीबाईंना सगळं कार्यालय टरकून असतं.

प्रश्न : माझं माहेर नाशिक. सासूबाई नातवाला लाडानं 'मेल्या', 'मुडद्या', 'मसण्या' म्हणतात. मला ते अभद्र वाटतं, जेवताना तर घास उतरत नाही. त्यांना कसं सांगू? (एक सून, बाळी वेस)

उत्तर : तुमचं मन मला कळतं. अर्थ बघायला गेलं तर हे मरणाचे शापच आहेत. पण सासूबाईंच्या तोंडी ते उलटे झालेत. ज्या घरात मुलं जगत नसत तिथं नव्या मुलाचं नाव धोंडू, दगडू, केरबा ठेवत. दृष्ट लागू नये, मृत्यूनं याला मोलाचा समजू नये म्हणून. लाडक्या लेकराला 'मेल्या' म्हणण्यातही मला तीच धास्ती दिसते. त्या पिढीनं घरोघर मुलं गेलेली पाहिली आहेत.

म्हणून 'हे अशुभ आहे' असं त्यांना सांगू नका, त्या दुखावतील. 'आई, हा शाळेत पोरांना मुडद्या म्हणतो, बाई रागावतात. त्याला दुसरं काहीतरी म्हणा ना,' असं सांगा. नातवाच्या शाळेसाठी त्या शब्द सोडतील, सुनेसाठी कदाचित नाही सोडणार. लाडाच्या शिव्या आपल्याकडे पुष्कळ आहेत : द्वाड, वांड, लबाडा, चोरा, सोंगाड्या, माकडा, गुलाम कुठला! 'गुलाम' तर आज्यांचा फार आवडता असतो, सासूबाईंना माहीत असणारच.

प्रश्न : आमच्या घरी आजी काहीही झालं की 'पांडुरंगा!' म्हणते. माझा मुलगा 'ओ माय गॉड' म्हणतो, तर त्याच्या शाळेत सांगतात की देवाचं नाव असं घेऊ नये, 'गॉश' म्हणावं. मग आजीचंही चुकतं का? (एक आई, पंढरपूर)

उत्तर : शाळेचं त्यांच्या जागी बरोबर आहे. देवाचं नाव व्यर्थ घेऊ नये, ही ख्रिस्ती धर्मातल्या दहा आज्ञांपैकी एक. इंग्रजीतले कितीतरी सौम्य उद्गार तिथूनच आले. 'गॉड' म्हणायचं नाही म्हणून 'गॉश' आणि 'गॉली', शाप द्यायचा नाही म्हणून 'डॅम'चं 'डार्न', नरकाचं नाव नको म्हणून 'हेल'चं 'हेक'.

आपल्याकडे रीत बरोबर उलटी आहे. नाव जितकं तोंडात येईल तितकं हवंच. अजामिळाची गोष्ट तुम्हाला ठाऊक असेल : मरताना त्यानं आपल्या मुलाला 'नारायणा' अशी हाक मारली, देव त्याच्या मनातही नव्हता, तरी तो तरला. ठेच लागली की 'विठ्ठला', हिशेब चुकला की 'शिवशिव', सोलापुरात कुणी 'सिद्धरामा' म्हणतं. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वज निघाले की 'हर्र बोला हर्र'चा जो गजर उठतो, त्यात अख्ख्या शहराचा वर्षभराचा शीण बाहेर पडताना मी लहानपणापासून पाहत आले आहे. आजीला अजिबात अडवू नका. मुलाला शाळेत शाळेचा शब्द बोलू द्या, आणि घरी आजीजवळ बसू द्या.

प्रश्न : मी पुण्यात शिकतो. 'काय करायलास बे?' म्हटलं की रूममेट म्हणतात, बे ही शिवी आहे. खरंच आहे का? (एक विद्यार्थी, मूळ राहणार अशोक चौक)

उत्तर : नाही रे बाळा. हिंदीतलं 'अबे' ऐकून त्यांना तसं वाटत असेल. आपल्याकडे 'का बे', 'चल बे' ही दोस्ताची हाक आहे. मात्र ती बरोबरीच्या आणि जवळच्या माणसालाच. प्राध्यापकांना, रिक्षावाल्या काकांना, मेसच्या मावशींना नाही. रूममेटना एकदा नीट समजावून सांग. तरी टोचत असेल तर त्यांच्यापुरतं सोड, आणि घरी फोन लावलास की पोटभर बोल.

वाचकांनो, पुढच्या अंकासाठी एक काम. तुमच्या घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला विचारा : पाय घसरला, दूध नासलं, पैसे हरवले, की तुम्ही काय म्हणायचा? शब्द जसा उच्चारतात तसाच लिहा, गावाचं नाव आणि घरात बोलतात ती भाषा लिहा. कन्नड, तेलुगू, दखनी शब्दही देवनागरीत चालतील. पत्र महिनाअखेरपर्यंत पोचू द्या.